शेजारच्या खुर्चीतल्या बाई

धाड गावच्या शाखेतून बदलून त्या आमच्या मेहकरच्या पतसंस्थेत आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणायचं एवढंच. पाण्याची अगदी लहान बाटली आणायच्या आणि ती संपली की भरायला उठायच्या. फोन आला की बोलत बोलत व्हरांड्यात फेऱ्या. साहेबांची सही हवी असली तर शिपायाच्या हाती कागद न देता स्वतःच जिना चढायच्या. प्रिंटरपाशी उभ्या असल्या तरी टाचा वर-खाली चाललेल्या.

मी सकाळी एकदा कॉम्प्युटरसमोर बसले की डबा खायलाच उठायचे. कमरेला पट्टा, पाठीशी उशी. त्या माझ्याहून वयानं मोठ्या आहेत हे कळलं आणि त्यांचं ते उठणं मला बघवेना.

एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला खाली पंगत होती. जेवण झालं आणि मला उठताच येईना. दोघींनी दंडाला धरून उभं केलं. त्या मात्र हात न टेकता उठल्या आणि पुढच्या पंगतीला वाढायला वाकल्या. घरी जाताना गाडीवर नवऱ्यानं सहज विचारलं, "त्या बाई तुह्याहून मोठ्या हायेत न?"

मी त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि गाडीची मागची दांडी धरली.

पुढं एकदा त्या रजेवर होत्या. दुपारी कोणी नाही असं बघून मी प्रिंटरपाशी उभी राहिले आणि टाचा उचलू लागले. त्याच वेळी त्या काही कागद न्यायला आत आल्या. हसल्या असत्या तर परवडलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "टाचा हळू टेकवा मॅडम, आपटू नका." मग जरा थांबून, "उद्यापासून चला न माह्यासोबत. काऊन बसून राह्यता?"

मला रागच आला. तरी दुसऱ्या दिवशी डबा झाल्यावर मी त्यांच्या मागे निघाले.

स्टँडच्या रस्त्यानं जाऊन यायचं, एवढंच. आधी मला धाप लागायची आणि त्या माझ्यासाठी थांबायच्या. ते थांबणंही मला खुपायचं. हळूहळू पाय सरावले. कमरेचा पट्टा कपाटात गेला. आम्ही पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्य, सगळं चालता चालता बोलू लागलो. त्या अर्ध्या तासाची मी सकाळपासून वाट बघू लागले.

मग कॅशवर एक नवीन मुलगी आली. बाईंनी तिलाही चालायला बोलावलं. एका दुपारी माझ्यासमोर एक म्हातारे खातेदार बसले होते, पासबुकावरचं नाव जुळत नव्हतं. बाईंनी खुणेनंच विचारलं, मी खुणेनंच थांबा म्हटलं. त्या थोडं थांबल्या आणि मग त्या पोरीला घेऊन निघून गेल्या. खिडकीतून मला दिसलं, बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून हसत होत्या. माझ्या खांद्यावर त्यांनी कधी हात ठेवला नव्हता.

खातेदाराचं काम उरकून मी एकटीच निघाले, मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं, भरभर. परतताना फाटकाशी त्या दोघी भेटल्या.

"आज इकून?" बाईंनी विचारलं.

"हो. मला जरा जास्त चालायचं होतं," मी म्हटलं, आणि पाय दुखत असूनही त्यांच्यासमोर आणखी एक फेरी मारायला वळले.