सावंतचं रक्त

जाड रक्ताची माणसं शेजारी-शेजारी बसवली की किश्श्यांना तोटा नसतो. घाटकोपरच्या आमच्या हॉस्पिटलात महिन्यातून एका गुरुवारी आम्ही तिघं एकेक पिशवी रक्त काढून घेतो. मी, शेजारच्या इमारतीतला सावंत आणि मासळी विकणाऱ्या पारूबाई.

*

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, जॅक टू नावाचा जीन एक प्रथिन बनवतो. बाहेरून 'रक्त बनवा' असा निरोप आला की ते प्रथिन तो निरोप पेशीच्या आत पोचवतं. तुमचा जीन बिघडलाय. आता निरोप नसला तरी ऑर्डर जाते, आणि रक्त जाड होत जातं."

जन्मभर कारकुनी केलेला मी! म्हणालो, "वरून कागद नाही, सही नाही, तरी आदेश निघतोय? सस्पेंड करा त्याला!"

"ते जमत नाही. म्हणून रक्त काढायचं. नाहीतर गुठळी मेंदूत जाईल."

त्या हसल्या नाहीत. मग मीही नाही.

*

पारूबाईंना अंघोळीनंतर खाज सुटायची. त्याच रोगाची, पण कळायला वर्ष गेलं. "साबण बदलला, बादली बदलली. फक्त सून बदलायची राहिली होती!"

*

सावंत रक्तदानातला हिरो. हॉलभर सर्टिफिकिटं, चेहरा लालबुंद. पासष्टी झाली आणि शिबिरवाल्यांनी त्याला परत पाठवला. वर्षभरात रक्त आमरसासारखं घट्ट!

"काका, इतकी वर्षं तुम्ही नकळत स्वतःचाच इलाज करत होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे मी दाता नव्हतो? पेशंट होतो?"

*

त्यात त्याने सिस्टरला विचारलं, "माझं रक्त कुणाला चढवणार?"

"कुणालाच नाही. कचऱ्यात."

सावंत दोन महिने फिरकला नाही. "फेकायला रक्त देणार नाही!"

*

गेल्या गुरुवारी त्याला फोन लावला. म्हणाला, "उजव्या हाताला मुंग्या येतायत रे. सकाळी कप सुटला. रविवारी बघू."

पारूबाईंनी फोन हिसकावला. "ए सावंता, रिक्षात बसतोस की मी येऊ कोयता घेऊन?"

आला. त्याचा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी आधी मेंदूच्या स्कॅनला पाठवलं, मग सुई. पिशवी भरली तरी स्कॅनचा रिपोर्ट यायचा होता.

सिस्टरने पिशवी कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. सावंत बघत राहिला. मग जुन्या सवयीने म्हणाला, "बिस्किट?"

"काका, ते रक्तदात्यांना."

पण ती आत गेली, स्वतःच्या डब्यातलं बिस्किट आणि चहा घेऊन आली.

सावंतने उजवा हात पुढे केला. बिस्किट धरलं. चहात बुडवलं. उचललं. आम्ही सगळे त्या बिस्किटाकडे बघत होतो.

पडलं नाही.

"शिबिरात कॉफी देतात," सावंत म्हणाला.