साहेबांना दाखवायला

बाबा नवी मुंबईत, पावणे इथल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, लेथ मशीन चालवायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटावर फिरायला लागला, तंबाखू मळावी तसा. चालताना तो हात हलायचा नाही. मस्टरवरची सही मुंगीएवढी झाली. आम्ही म्हटलं, थकले असतील.

एका सकाळी त्यांच्या हातून मशीनवरचा जॉब बिघडला, तासायचा भाग वाया गेला. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. "सकाळी सकाळी टाकून येतोस? हात बघ तुझे!" बाबांनी आयुष्यात कधी दारू चाखली नव्हती. त्याच दिवशी त्यांना काढलं. वर्षभराने डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. ठरवलं, त्या साहेबांनी हे सगळं बघायचं. दसऱ्याला वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा असायची, जुने कामगारही यायचे. मी दर दसऱ्याला बाबांना नेरुळच्या घरून रिक्षाने तिथे नेऊ लागले.

पहिल्या वर्षी गोळ्या लागू पडत होत्या. बाबा आपल्या पायांनी आत गेले, फक्त पाय घासत. साहेबांनी मान फिरवली. तिसऱ्या वर्षापर्यंत बाबांचा चेहरा थिजला होता. हसू उमटेना, पापणी लवेना, आवाज पार खाली गेलेला. मी त्यांना मुद्दाम साहेबांच्या टेबलासमोर बसवलं. साहेब पेढा देऊन घाईघाईने उठले. माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

पुढे गोळीचा असर दोन तासांतच उतरू लागला. एका दसऱ्याला बाबा वर्कशॉपच्या दारातच अडकले. पाय जमिनीला खिळल्यासारखे, मागे माणसं खोळंबलेली. मी मोठ्याने म्हणाले, "साहेब, या ना, वास घ्या. आज किती घेतलीय ते सांगा."

मशीन बंद होत्या. सगळ्यांनी ऐकलं. साहेबांचं तोंड पांढरं पडलं.

परतताना रिक्षात बाबा पुटपुटले, "परत नको आणूस." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ऐकलंच नाही असं दाखवणं सोपं होतं. पुढच्या वर्षी मी त्यांना व्हीलचेअरवरून नेलं.

त्यानंतर ते नेण्यासारखे राहिले नाहीत. पाणी पितानाही ठसका लागायचा. कूस बदलायला आई आणि मी, दोघी लागायचो. कधी भरदुपारी त्यांना रिकाम्या भिंतीपाशी माणसं बसलेली दिसायची.

अशाच एका रविवारी साहेब दारात उभे. हातात मोसंब्यांची पिशवी.

"पोरी, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं गं."

"मला नका सांगू. ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा."

आत खाटेवर बाबांची धडपड चालली होती. बऱ्याच वेळाने शब्द जुळले, "बसायला... सांग... त्यांना."

मी दार लावून घेतलं. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

बाबा त्याच हिवाळ्यात गेले. वर्कशॉपमधले सगळे आले. फक्त साहेबांना कुणी कळवायचं नाही, असं मी एकेकाला बजावलं होतं.