वीस मिनिटं पुढचं घर

घड्याळजीला लोक मागून 'वीस मिनिटं' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. गिऱ्हाइकाचं घड्याळ तो सेकंदाला सेकंद जुळवून द्यायचा; घरातली मात्र सगळी वीस मिनिटं पुढे ठेवायचा. तरुणपणी दोन मिनिटांनी त्याची गाडी सुटली होती आणि आजारी आईचं तोंड बघायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून त्याच्या घरात कुणाला कधी उशीर झाला नाही. भिंतीवरचं लंबकाचं, स्वयंपाकघरातलं, उशाजवळचं, सगळी घड्याळं एका सुरात पुढे. मनातल्या मनात वीस वजा करणं त्या घराला श्वास घेण्याइतकं सवयीचं झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी जुना कॉम्प्युटर आला. त्याच सुमारास तिच्या मैत्रिणीला इंटरनेटवर कुणा अनोळख्यानं फार छळलं. घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, एकेक ओळ वाचली आणि कुणालाही न विचारता ब्राउझरला पालकांचं कुलूप घातलं. कोणती पानं उघडायची त्याची यादी केली. त्या यादीत भर घातली की ती लगेच लागू व्हायची. संध्याकाळी पाचला सगळं बंद, हेही ठरवलं. शेवटी एका चौकटीत खूण केली: कुलपातला बाकी कोणताही बदल दुसऱ्या दिवसापासून. "आता मी स्वतः म्हटलं तरी आजच्या आज उघडायचं नाही," असं तो दुकानात आल्यागेल्याला ऐकवायचा.

त्या दिवशी मुलीच्या अर्जाची मुदत पाचला संपत होती. मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायला शिकवणाऱ्या शाळेचा अर्ज; तिच्या ध्यानीमनी वर्षभर दुसरं काही नव्हतं. त्यासाठी लागणारा दाखला तिच्या हातात पडला तोच चारला. तिनं माहिती भरली, दाखला चढवला, आणि 'सादर करा' दाबलं तर समोर करडं पान आलं: 'हे पान सध्या उघडता येणार नाही. पालकांना विचारा.'

"बाबा!"

खालच्या दुकानातून घड्याळजी चिमटा हातात तसाच घेऊन वर आला. भिंतीवर पाच वाजून दोन मिनिटं. म्हणजे खरे चार बेचाळीस.

"यादीत घातलं होतं ना?"

"सकाळी तुम्हीच घातलंत की!"

त्यानं पासवर्ड टाकून यादी उघडली. शाळेचं पान तिथेच होतं. काढून पुन्हा घातलं. करडं पान. ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केला. तो रांगत रांगत उघडला, आणि पुन्हा करडं पान.

"शेजारी जाऊ का? त्यांच्याकडे—"

"थांब. शेजारी कुलूप आहे, सकाळीच गेलेत," आई दारातून म्हणाली. "अहो, काढून टाका ना ते कुलूप!"

घड्याळजीनं कुलूप काढायचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: 'बदल उद्यापासून लागू होईल.'

लंबक तेवढा हलत होता.

"घ्या," आई म्हणाली. "चोराला अडवायला निघाले आणि स्वतःच बाहेर राहिले. सगळ्या गावाला सांगत होतात ना?"

"आई, आत्ता नको गं." मुलगी म्हणाली. "बाबा, नऊच मिनिटं उरलीत."

घड्याळजीनं माउस सोडला. बंद पडलेलं घड्याळ घेऊन कुणी दुकानात आलं की तो पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायचा. तोच त्यानं आता मुलीला विचारला.

"नेमकं कधी बंद पडलं?"

"बटण दाबलं तेव्हा."

"तेव्हा काय चाललं होतं? आठव."

मुलीनं डोळे मिटले. "भिंतीवर ठोके पडत होते. पाचचे."

घड्याळजीची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे बारीक आकड्यांत पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. कॉम्प्युटर घरात आला त्या पहिल्याच दिवशी, बाकीच्या घड्याळांसारखंच, त्यानं त्यातलं घड्याळही वीस मिनिटं पुढे नेलं होतं. रोज खरे चार चाळीस झाले की कुलूप पडत होतं. पण तेव्हा मुलगी शिकवणीला गेलेली असायची, म्हणून दोन वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

"माझंच काम आहे हे," तो हलकेच म्हणाला.

वेळ बदलायलाही त्याचाच पासवर्ड लागत होता. एक अक्षर चुकलं. पुन्हा टाकला. मग त्यानं ती वीस मिनिटं मागे घेतली, आयुष्यात पहिल्यांदाच. चार चोपन्न.

करडं पान गेलं. अर्ज होता तसा परत आला, दाखला मात्र गळला होता. मुलीनं तो पुन्हा चढवला. पट्टी सरकत गेली, अर्ध्यावर अडली. आईनं पदर मुठीत धरला. पट्टी पुढे सरकली. मुलीनं बटण दाबलं.

अर्जाचा क्रमांक उमटला तेव्हा कोपऱ्यात चार अठ्ठावन्न होते.

"दोन मिनिटं," घड्याळजी म्हणाला आणि खाली बसला. मग उठून भिंतीजवळ गेला, घड्याळाचं काचेचं झाकण उघडलं आणि मोठ्या काट्याकडे बोट नेलं.

"ते राहू द्या, बाबा," मुलगी मागून म्हणाली. "शाळेची गाडी मला त्याच्यावरच पकडायचीय."