मी जाळलेला कूप

आमच्या गावामागच्या जंगलाला मी आग लावली. गावात हे कुजबुजत सांगतात, म्हणून मीच आधी सांगून टाकते. मुद्दाम नाही लावली, पण काडी माझ्याच हातातली होती. चूक झाली, कबूल. त्यासाठी जन्मभर मान खाली घालून फिरणं मात्र मला जमणार नाही.

साकोलीहून बस आत वळते, तलावाच्या पाळीवरून जाते आणि आमच्या गावात थांबते. पुढे धानाच्या बांध्या, मागे जंगल. काही वर्षांपूर्वी त्या जंगलाचा एक तुकडा तोडीला निघाला. अशा तुकड्याला आमच्याकडे कूप म्हणतात. ऐन, धावडा, साग ट्रक भरभरून गेला. मागे राहिले वीतभर उंचीचे खुंट, आणि कडेला न तोडलेली पाच-सहा मोहाची झाडं. आम्ही बायका सरपणाला गेलो की तो उघडा माळ बघून जीव तुटायचा.

काकी तेवढी हसायची. काकी म्हणजे माझी चुलतसासू, सत्तरी ओलांडलेली, जंगलात आमच्या सगळ्यांच्या पुढे चालणारी. ट्रकवाल्यांनी वरचं नेलं, खालचं न्यायला त्यांच्या बापाला जमणार नाही, असं ती म्हणायची. आणि झालंही तसंच. पुढच्याच वर्षी खुंटाखुंटातून धुमारे फुटले. कोणी लावले नव्हते, कोणी पाणी घातलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी ते माझ्या डोक्याच्या वर गेले आणि आत शिरलं की माणूस दिसेनासं झालं.

त्याच वर्षी मी माती खाल्ली.

मोह वेचायचा तर आधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवून द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. जमीन काळी होते, त्यावर पडलेलं फूल उठून दिसतं, वेचायला सोपं जातं. सगळेच करतात. काकी तेवढी करत नाही. ती खराट्याने झाडते, आणि सोबत असली की मलाही झाडायला लावते. त्या दिवशी काकीला ताप होता आणि मला साकोलीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. म्हटलं, आज कोण कंबर मोडून झाडत बसतं? पाला पेटवला, जळू दिला, ओल्या फांदीने झोडपला आणि धावत जाऊन बस धरली. विझलं, असंच मला वाटलं होतं.

संध्याकाळी उतरले तेव्हा गावामागे धूर होता. कोणाला काही विचारलं नाही, नव्या साडीचा पदर खोचला आणि फांदी तोडून इतरांबरोबर आग झोडपायला लागले. आग हाती आली तेव्हा आख्खा कूप काळा पडला होता. तीन वर्षांचे धुमारे उभ्या-उभ्या करपले होते. जळल्या जागी तेंदूला नवी पानं जोमात येतात, म्हणून काही जणांनी ठरवूनच टाकलं की मी बिडीच्या तेंदूपत्त्याच्या लोभाने पेटवलं. साफ खोटं. लोभ असता तर निदान काही अक्कल तरी लावली असती. हा निव्वळ आळस होता.

काकी तापातून उठून बघायला आली. तिने एकच विचारलं.

“खराटा होता न व घरी?”

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवड्याभरात जंगलाचे साहेब आले. तरुण, बोलायला गोड. शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. साहेब म्हणाले, कूप मेला आहे. आता मशीन लावून खुंट मुळासकट काढू, जमीन साफ करू आणि सागाची रोपं रांगेत लावू. गावाला कामाचे दिवस मिळतील, तेही त्यांनी सांगितलं. लोक माना डोलवायला लागले. मी मागे बायकांत बसले होते आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. ऐन गेला, धावडा गेला, तेंदू, चारोळीचा चार, बेहडा, सगळं मुळासकट गेलं, तर पुन्हा कुठून येणार? नुसता साग घेऊन आम्ही काय करायचं? त्याच्या पानाला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. आणि हे सगळं माझ्या एका काडीपायी. मी उभी राहिले.

“जाळलं मीनं. पण मेलं नाही ते, साहेब.”

सगळं गाव वळून माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या नवऱ्याने डोळ्यांनी बस म्हणून खुणावलं, मी नाही बसले. साहेब हसले. म्हणाले, मशीन तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर येईल, तोवर जिवंत खुंट दाखवा, मग बघू. त्यांना वाटलं, बाई गप्प झाली.

दुसऱ्या दिवसापासून मी विळा आणि चुन्याचा डबा घेऊन कुपात जायला लागले. खुंटाची जळकी साल विळ्याने खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर खुंटाच्या माथ्यावर चुन्याचा ठिपका द्यायचा. पहिले कितीतरी दिवस विळ्याखाली नुसता कोळसा आला. हात काळे, तोंड काळं, डब्यातला चुना तसाच. गावात हसायचे. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटायला लागली होती. सभेत उभं राहून आपण तोंडाची वाफ दवडली आणि उरलीसुरली अब्रूही घालवली, असं वाटायचं. तरी जायचं सोडलं नाही. हट्ट म्हणा हवं तर.

मग वैशाखाचं ऊन ऐन भरात आलं. पाय ठेवू तिथे भाजायचं, तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. अशा दिवसांत एका तेंदूच्या खुंटाच्या बुडाशी मला लाल टोक दिसलं. मला वाटलं किडा आहे. वाकून बघितलं तर पान होतं, नखाएवढं, तांबूस, चकचकीत. पाण्याचा थेंब नसताना, डोक्यावर आग ओतली जात असताना ते वर आलं होतं. मी तिथेच राखेत बसून मोठ्यांदा रडले. चुना द्यायचाही विसरले.

दोन दिवसांनी पळस फुटला, मग धावडा, मग ऐन. साग सगळ्यांत मागे. मी ठिपके देत पुढे-पुढे गेले. एकदा मागे वळून बघितलं तर दूरवर काकी दुसरा डबा घेऊन उतारावरचे खुंट बघत होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मीही हाक मारली नाही. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल, असं मनाशी म्हटलं.

ठरल्या दिवशी मशीन आलं, मागून जीपमध्ये साहेब. काळ्या उतारावर पांढरे ठिपके पसरलेले होते. साहेब उतरले, दहा-बारा खुंट फिरून बघितले, एक लाल पान हातात धरलं. त्यांचा चेहरा पडला. खरंच जिवंत आहे, असं ते म्हणालेसुद्धा. पण रोपं तयार झाली आहेत, काम मंजूर आहे, आता माघारी कसं जायचं, असंही म्हणाले. मी म्हटलं, तुमची रोपं रस्त्याच्या कडेला लावा, गावाजवळ पडीत जमीन आहे तिथे लावा, खड्डे मी खोदते. इथे नाही. ते जीपकडे वळले, आणि ड्रायव्हरने मशीन सुरू केलं.

मी वाटेच्या मधोमध उभी राहिले. मागे गाव जमलं होतं, पण पुढे कोणी येईना. तेवढ्यात गर्दीतून काकी आली. चुन्याचा डबा बाजूला ठेवला, लुगडं सावरलं आणि मशीनपुढे जमिनीवर मांडी घालून बसली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

“बस न व. उभी काहून राह्यलीस?”

मी तिच्या शेजारी बसले. मग एकेक करून बाकीच्या बायकाही आल्या. दुपार कलली तसं मशीन मागे वळलं.

तो कूप आज पुन्हा माझ्या डोक्यावर गेला आहे. सागाची रोपं रस्त्याच्या कडेला आहेत, त्यातली बरीच जगली. मोहाचा हंगाम आला की गावात अजून काही जण काडी घेऊन निघतात आणि मी त्यांच्याशी तोंड भरून भांडते. तू कोण सांगणारी, तूच तर जाळलंस, असं ते म्हणतात. हो, मीच जाळलं, असं मीही तोंडावर सांगते, आणि त्यांच्या हातात खराटा देते.