दुमडलेलं बोट

तिसरीतली साक्षी टॅबवर सत्तेचाळीस आणि अडतीसची बेरीज करत होती. "सात नि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक," असं पुटपुटत तिने बोट दुमडलं. हातचा विसरू नये म्हणून मीच मुलांना ते शिकवलंय. पण डाव्या हातात टॅब होता, म्हणून तिने उजव्या हाताचं बोट दुमडलं होतं. पाच लिहायला तेच बोट उघडावं लागलं आणि हातचा गेला. उत्तर आलं पंच्याहत्तर. पडद्यावर लाल फुली उमटली.

"बाई, मला येतं हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

येत होतंच. पाटी मांडीवर असायची, तेव्हा डावा हात मोकळा असायचा. फुटेल म्हणून टॅब हातातून सोडायचा नाही, हा नियमही माझाच. दोन्ही गोष्टी मीच शिकवल्या, पण त्या एकाच हाताला कशा जमणार, याचा विचार मी केला नव्हता.

पुढच्या गणिताखाली चार उत्तरं होती. साक्षीने बोट दुमडलंच नाही. एक उत्तर नुसतं दाबलं. पडद्यावर चांदणी आली, टाळ्या वाजल्या.

"कसं काढलंस गं?"

"अंदाजे, बाई," ती हसून म्हणाली.

या हसण्यापेक्षा मघाचं रडणं बरं, असं तिला वाटणं शक्यच नव्हतं. मला मात्र तेच परवडलं असतं; तेव्हा निदान ती बेरीज तरी करत होती.