ठाणेदार आणि सात निळ्या सवाऱ्या

अकोल्यात समुद्र आणायचा, असं देवमन तायडे यांनी रिटायर झाल्यावर चौथ्याच महिन्यात ठरवलं. मुलगी रश्मी रत्नागिरीला बँकेत. तिच्याकडे आठ दिवस राहायला गेले, तिथल्या मत्स्यालयात काचेला नाक लावून दोन तास उभे राहिले, आणि परतले ते डोक्यात हा किडा घेऊनच.

"इथं नळाले चार-चार दिवस पानी नाई येत," बायको मनकर्णाबाई म्हणाल्या, "अन् तुमी समुद्र कायचा आनता?"

पण एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर राहिलेल्या माणसाला ऐकवायची सवय असते, ऐकायची नसते. चार फुटांची टाकी आली, खास मीठ आलं, खडक आले. पाणी मुरायला महिना लागतो म्हणून महिनाभर टाकीत मासाच नव्हता. शेजारचे उत्तमराव रोज सकाळी येत, रिकाम्या पाण्याकडे बघत "मस्त हाय" म्हणत आणि चहा पिऊन जात.

मासे घ्यायला देवमन अमरावतीला विपुलच्या दुकानात गेले. बोटाच्या पेराएवढ्या सात निळ्या डॅमसेल त्यांनी निवडल्या. मग नजर गेली कोपऱ्यातल्या टाकीकडे. तिथं एक लायन फिश होता. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर, आणि जागचा न हलता चाललेला थाट.

"हाही बांध."

विपुलनं जाळी खाली ठेवली. "काका, एक कायदा ध्यानात ठेवा. ज्याच्या तोंडात जे मावते, ते त्याच्या पोटात जाते. याले अन् त्याइले एका टाकीत नका सोडू."

देवमन हसले. "बेटा, मी अकोटच्या गाडीत बकऱ्या, नवरीकडचं वऱ्हाड अन् बेड्या घातलेले दोन आरोपी एका फेरीत नेले. कोनी कोनाले खाल्लं नाई. पोट भरलेलं असलं का सारे बरोबर राह्यतात."

घरी लायन फिश टाकीत सोडल्यावर मनकर्णाबाईंनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. "हा तं ठाणेदारच दिसते. काई करत नाई, नुसता उभा राह्यते, अन् बाकीचे आपोआप बाजूले होतात." नाव तेच पडलं.

ठाणेदाराचं पोट भरलेलं राहावं म्हणून देवमन सकाळ-संध्याकाळ झिंगे घालू लागले. मे महिना होता. टाकीचं पाणी तापू नये म्हणून कूलरचं तोंड टाकीकडे फिरवलं गेलं आणि मनकर्णाबाई पुठ्ठ्यानं वारा घेऊ लागल्या. रोज सकाळी देवमन गाडीतल्या सवाऱ्या मोजाव्यात तसे बोट दाखवून मासे मोजत. आठ दिवस सात भरले. नवव्या दिवशी सहा.

"लपली असन खडकामांगं."

दोन दिवसांनी पाच. देवमननी सोफ्याखाली बॅटरी मारली, मग कपाटामागे. शेवटी संशय उत्तमरावांच्या मांजरीवर गेला. टाकीला झाकण होतं, पण संशयाला कुठं झाकण असतं! उत्तमराव भडकले. "आमची मनी दूध-पोयी खाते," म्हणाले, आणि चहाला यायचे बंद झाले.

त्या संध्याकाळी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता मनकर्णाबाई सहज म्हणाल्या, "मी पाह्यलं. काल दुपारी. तुमी घोरून राह्यले होते. ठाणेदारानं पंखे पसरले, एकीले कोपऱ्यात घेतलं, अन् गप्पकन. ढेकर बी नाई देल्ला."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"परवाच म्हनले ना तुमी, मले माशातलं काई कयत नाई म्हनून."

देवमनना पटलं नाही. झिंगे खाऊन तृप्त झालेला प्राणी असं करेलच कशाला? दुसऱ्या दिवशी दुपारी ते टाकीसमोर स्टूल टाकून बसले. तासाभरानं ठाणेदार पुढे सरकला, अगदी सावकाश, जणू घाई कशाचीच नाही. पर पसरले. पाचांतल्या एका डॅमसेलला डावीकडे जागा उरली नाही, उजवीकडे उरली नाही. मग तिथं डॅमसेलच उरली नाही.

रात्री देवमन जेवायला बसले आणि ताट पुढे सरकवलं. "रोज पंचशील म्हनतो मी, मनकर्णे. जीव घेनार नाई म्हनतो. अन् मीच ताटात वाढून देल्ल्या."

यावेळी मनकर्णाबाईंनी टोमणा मारला नाही. त्यांनी भाकरी कुस्करून ताटात घातली. "तुमी चुकले. पन त्याच्यावर काहून राग? त्याले कोनी देल्लं होतं पंचशील?"

सकाळी टाकीच्या मधोमध काच उभी राहिली. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी एक डॅमसेल कडेच्या फटीतून आपण होऊन पलीकडे गेली. तिला काय बघायचं होतं कोण जाणे. उरल्या तीन.

मग मात्र देवमन थांबले नाहीत. पाण्याच्या पिशवीत तिघी, पिशवी बादलीत आणि बादली मांडीवर, असे ते अमरावतीच्या एसटीत बसले. कंडक्टर वर्षाली नावाची मुलगी होती. तिनं बादलीत डोकावून विचारलं, "काका, काय हाय?"

"माह्या चुकीतून वाचलेले," देवमन म्हणाले. तिला काही समजलं नाही, पण तिनं शेजारच्याला सरकवून त्यांना खिडकी दिली.

विपुलनं तिघींना हळूच टाकीत सोडलं. "मी म्हनलं होतं" असं तो बोलला नाही, नुसता चहा मागवला. देवमनना तो चहा फार झोंबला.

घरी परतले तेव्हा दार उघडंच होतं. मनकर्णाबाई लांब चिमट्यात झिंगा धरून टाकीपाशी उभ्या होत्या.

"हात आत नको घालू! त्याच्या काट्यात इख असते."

"म्हनूनच तं चिमटा हाय. ओरडू नका, तो घाबरते."

तेव्हापासून ठाणेदार चार फुटांत एकटाच आहे, आणि चांगला अंगानं भरला आहे. देवमननी उत्तमरावांची माफी मागितली, तेही मनीसमोर, आणि चहा पुन्हा सुरू झाला. मनकर्णाबाईंच्या बांगड्या वाजल्या की ठाणेदार डौलात काचेपाशी येतो. देवमन समोर आले की खडकामागे जातो. या विषयावर घरात बोलायचं नाही, असं ठरलं आहे.