आठव्या ओळीनंतर लाईट गेली तर…

त्या सकाळी धुळ्याला मी चहात बिस्किट बुडवून ते तुटायच्या आत तोंडात घालण्याच्या रोजच्या शर्यतीत हरत होतो, तेवढ्यात जळगावहून वहिनींचा फोन आला. "नंदू, तुना भाऊ उठत नई रे…" एवढंच. समोर लॅपटॉप उघडा होता. त्यावर त्याच भाऊंनी, सुधाकरभाऊंनी, आठ दिवसांपूर्वी विचारलेला एक प्रश्न होता आणि त्याखाली उत्तराची जागा कोरी होती. कोरी, कारण मी रुसलो होतो. पन्नाशी उलटलेला, डोक्यावरचे केस मोजून सांगता येतील असा माणूस एका ओळीच्या प्रश्नावरून मोठ्या मावसभावावर रुसतो… आमच्या घराण्यात लग्नाकार्यात किस्से सांगायचं काम माझ्याकडे असतं, पण हा किस्सा महिनाभर घशाखालीच राहिला.

भाऊंनी उभी नोकरी भुसावळला रेल्वेचे सिग्नल सांभाळण्यात काढली. निवृत्त झाल्यावर जळगावला मेहरूण तलावाकाठच्या घरात वरच्या खोलीत टेबल मांडलं आणि केळी पिकवायच्या थंड खोल्यांसाठी एक डबी बनवायला घेतली. घड कितव्या दिवसात आहे, आज किती गारवा हवा, हे डबीनं लक्षात ठेवायचं. ते साठवणारी फ्लॅश चिप मोठी हट्टी. तिच्यावर एक अक्षर खोडून दुसरं लिहिता येत नाही. पाटी पुसावी तसं अख्खं पान पुसायचं, मगच नवं लिहायचं. हे पुसणं-लिहिणं सांभाळणारा कोड, म्हणजे त्या चिपचा ड्रायव्हर, भाऊंनी साठीनंतर शिकून लिहिला होता. मी पुण्यात पंचवीस वर्षं कोड लिहून धुळ्याला परतलेला, म्हणून त्यांचा मदतनीस. खरं तर मी स्वतःला त्यांचा गुरू समजत होतो. ही समजूत चुकीची आहे, हे त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही, आणि ती मोडलीही नाही.

त्यांची कोड तपासायची रीत मी पुण्यात कुठेच पाहिली नव्हती. दुपारी जेवणं झाली की ते कागदावर छापलेला कोड घेऊन खिडकीपाशी बसायचे आणि कीर्तनाच्या संथ लयीत एकेक ओळ मोठ्यानं वाचायचे. तलावाचं ऊन छतावर हलत असायचं, पंखा फिरतोय की आपणच फिरतोय कळायचं नाही, आणि पिकत घातलेल्या केळ्यांचा वास जिन्यावरून हळूहळू वर यायचा. धुळ्याहून गेलेला मी तर निम्म्या वेळेला झोपेतच हुंकार देत असे. आणि मधेच, मनाला येईल तेव्हा, खालून भांडी घासता घासता वहिनी ओरडायच्या, "लाईट गई!" लाईट गेलेली नसायची. तो खेळ होता. भाऊ बोट त्याच ओळीवर दाबून धरायचे आणि मला विचारायचे, "आते डबीले काय याद शे?" म्हणजे आत्ता, या क्षणी वीज गेली, तर डबीला काय आठवत असेल? उत्तर देता आलं तर पुढची ओळ. नाही आलं तर कोड चुकलेला. वहिनींना कोडमधलं काहीही कळत नव्हतं, म्हणूनच त्या कुठेही थांबवायच्या. आम्हा शहाण्यांना जिथे चूक नसेल तिथेच थांबायची सवय.

दिवाळीनंतर मला त्या ड्रायव्हरची साफसफाई करायची लहर आली. काम तेच राहावं, मांडणी सुटसुटीत व्हावी, एवढाच हेतू. भाऊंचा कोड म्हणजे बाळंतिणीची खोली, सगळी काळजी दोन दोन वेळा. नवी नोंद आधी दुसऱ्या पानावर लिहायची, ती परत वाचून पाहायची, खूण करायची, आणि मग कुठे जुनं पान पुसायचं. मी म्हटलं, कशाला हवीत दोन पानं? आधी पुसा, मग लिहा, एका पानात संसार. छापील चार कागदांचा कोड दीड कागदावर आला. इतका देखणा झाला, की मी तो बायकोलाही दाखवला. ती "छान" म्हणाली आणि मला गॅस बंद करायला सांगितलं.

भाऊंनी तपासला आणि आठव्या ओळीसमोर एक प्रश्न टाकला, 'इथे लाईट गेली तर?' पाठोपाठ फोन. "नंदू, तुमना धुयामा लाईट जात नई का रे?" असं म्हणून ते मनापासून हसले. मला ते हसणं लागलं. पुण्यातल्या पंचवीस वर्षांचा अपमान झाला, असं वाटलं. "बघतो," म्हणून मी फोन ठेवला. आणि बघितलं नाही. आठव्या ओळीवर जुनं पुसलेलं होतं आणि नवं अजून लिहिलेलं नव्हतं, हे मला त्याच दुपारी दिसलं होतं. त्या घटकेला वीज गेली असती, तर डबीला काहीच आठवलं नसतं. कुणाच्या तरी खोलीभर केळी काळी पडली असती. "भाऊ, माझं चुकलं," एवढं लिहायला आठ दिवस पुरले नाहीत. मी त्यांच्या पुढच्या फोनची वाट पाहत बसलो.

भाऊंचे दिवस झाल्यावर मी कोड नीट केला. दोन्ही पानं परत आणली, जुनं शेवटी पुसायचं ठेवलं. त्यांच्या प्रश्नाखाली लिहिलं, 'भाऊ, तुमचं बरोबर.' पण प्रश्न मिटवायचं बटण ज्यानं विचारला त्यानंच दाबायचं, असा आमचा नियम. तो अजून उघडाच आहे. परवा मेहरूणला गेलो, वरच्या खोलीत खिडकीपाशी बसलो. खुर्चीच्या हातावर त्यांच्या कोपरानं घासून गुळगुळीत झालेली जागा होती, तिथे हात ठेवला. छतावर ऊन तसंच हलत होतं. कुणी ऐकणारं नव्हतं, तरी मोठ्यानं वाचायला लागलो. भाऊंची लय जमेना, शाळेत धडा वाचल्यासारखा आवाज येत होता. खाली भांडी वाजत होती. सहावी ओळ, सातवी… भांडी थांबली.

"लाईट गई!"

मी बोट ओळीवर दाबून धरलं. जिन्यावर हळू पावलं वाजली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, ओल्या हातांनी पदर सावरत, आणि त्यांनी तो प्रश्न कधी नव्हे तो स्वतः विचारला, "आते डबीले काय याद शे?"

"जुनं बठ्ठं याद शे, वहिनी. सगळंच."

त्या आत आल्या, रिकाम्या टेबलावर ओला हात ठेवला.

"मंग वाच पुढे," म्हणाल्या, आणि भांडी घासायला खाली गेल्या.